चाळिसावी कांडी

१

टक्.

एवढाच आवाज. दुपारचे अडीच वाजलेले, लाइट गेलेली, पंखा थांबलेला, गल्लीतले यंत्रमागसुद्धा गप्प. त्या शांततेत आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीची कडी पडली आणि मी डोळे उघडले.

उठता येईना. मैत्री माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. पाच वर्षांची माझी लेक, तीन दिवस तापानं फणफणलेली. हात ओढला असता तर जागी झाली असती. मी मनात शंभर मोजले, मग आणखी शंभर, आणि मग इंच इंच करत हात सोडवला.

पेटीची कडी पुन्हा जागेवर होती. कुलूप मात्र नुसतंच अडकवलेलं. आत सासऱ्यांचा कोट, गिरणीचा बिल्ला, चष्म्याची डबी. वही नव्हती.

माझे सासरे ईश्वर शिवशरण गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होते, आणि पाळी सुटली की भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहायचे. त्यांची ‘भोंग्यानंतर’ १९८८ साली शिवलिंगप्पा या प्रकाशकानं छापली, काजळनाथ या नावानं. काजळनाथ कुणी माणूस नव्हता. दर महिन्याला ज्याची कादंबरी छापायची, त्याच्या डोक्यावर प्रकाशक हीच टोपी घालायचे. पुढं तिच्यावर सिनेमा निघाला, ‘गिरणीतली हडळ’. मामा, म्हणजे माझे सासरे, घरच्यांना घेऊन पहिल्या खेळाला गेले. पडद्यावर त्यांचं नाव नव्हतं. शेवटी कुणी एक बाबा येऊन हडळीला जाळतो, असं दाखवलं होतं. कादंबरीत बाबाच नव्हता. मामा अंधारात उठून बाहेर आले, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी एक ओळ लिहिली नाही.

आता तोच सिनेमा नव्यानं बनला होता, कादंबरीच्याच नावानं. सोलापुरात भिंतीभिंतीवर पोस्टर होतं: ‘या वेळी मूळ पुस्तकातलं एक अक्षर बदललेलं नाही!’ आणि खाली: ‘मूळ लेखक, शिवलिंगप्पा.’ रविवारी खास खेळ होता आणि त्याआधी त्यांचा सत्कार.

मी दिग्दर्शकाला फोन केला होता. धनाजी नाव त्याचं. तो म्हणाला, “ताई, शुक्रवारी पुरावा आणा. रविवारच्या आत पडद्यावरचं नाव बदलतो.”

पुरावा एकच होता. मामांच्या हस्ताक्षरातली वही.

मी बाहेरच्या खोलीत आले. तिथं तिघं होती. उंबऱ्यावर सिदू बाइंडर, शिवलिंगप्पांच्या वाचनालयातला म्हातारा, सत्काराची पत्रिका घेऊन आलेला. मोरीच्या दाराशी पूनमताई, माझी थोरली नणंद. आणि खिडकीच्या उजेडात गोधडी शिवत बसलेल्या माझ्या सासूबाई, नागूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

“पेटी कुणी उघडली?” मी विचारलं.

आत्यांनी सुईत दोरा ओवला. “मांजर आसंल,” त्या म्हणाल्या.

२

“माझी पिशवी बघ हवी तर,” म्हणत पूनमताईंनी ती माझ्यासमोर उपडीच केली. खडूची पेटी, डबा, कुर्डुवाडीचं परतीचं तिकीट. त्या तिथल्या शाळेत शिक्षिका आहेत.

“ताई, मी तसं म्हटलं नाही.”

“म्हणायचं राहू नये म्हणून दाखवतेय. बाबांची भुतं मी पुष्कळ सोसलीत, प्रियंका. शाळेत मला हडळीची पोरगी म्हणायचे. वही हरवली तर मी पेढे वाटीन, पण ती चोरायचे कष्ट कोण घेईल?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी मोरीत होते. कडी वाजलेली मीही ऐकली. तो सिदू पाणी प्यायला आत गेला होता की.”

सिदूकाका तोवर सायकलवर बसून निघून गेले होते. येताना त्यांच्याकडं फक्त पत्रिका होती, जाताना काखेत काही होतं का, ते कुणीच पाहिलं नव्हतं.

“आणि आत्या?”

“आई?” पूनमताई हसल्या. “आई त्या वहीला वारासुद्धा लागू देत नाही. ती कशाला घेईल?”

मलाही ते पटलं. वहीच्या पेटीला कुलूप आत्यांनीच लावलेलं. रत्नदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चिंचोळीच्या कारखान्यातून दर नव्या वर्षी डायरी मिळते. त्या सगळ्या आत्या उशाशी ठेवतात आणि काही ना काही लिहीत असतात. कागदाची अशी माया असलेलं माणूस नवऱ्याची वही गायब करील?

संध्याकाळी मैत्रीचा ताप जरा उतरला. आत्या तिचे केस विंचरायला बसल्या. त्यांचा रोजचा खेळ आहे तो. फणीच्या एकेका ओढीला एकेक आकडा.

“अडतीस… एकोणचाळीस… आन् चाळिसावी कुटं गेली गं?” असं म्हणून त्यांनी तिच्या मानेवर गुदगुल्या केल्या. मैत्री तीन दिवसांत पहिल्यांदा खुदकन हसली. मग पुन्हा एकपासून सुरू.

नवी गोधडी आत्यांनी तिच्या अंगावर घातली. मी दिवा बारीक करत होते.

“आई, गोधडी बोलते,” मैत्री म्हणाली.

“ताप आहे ना बाळा, म्हणून तसं वाटतं. झोप.”

मी तिचं ऐकायला हवं होतं.

३

शुक्रवारी रिकाम्या हातानंच सात रस्त्याजवळच्या लॉजवर गेले. धनाजी माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

“वही, ताई?”

“चोरीला गेली.”

खोटं बोलणाऱ्या बाईकडं बघावं तसं नाही, आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं त्यानं. ते जास्त लागलं.

“तुम्ही म्हणता म्हणून नाव बदललं तर उद्या दुसरं कुणी येईल,” तो म्हणाला. “शिवलिंगप्पांनी मला लिहून दिलंय, कादंबरी माझी. ताई, मी तो जुना सिनेमा दहा वेळा बघितला. दर वेळी वाटायचं, ही बाई अशी जाळून टाकण्याजोगी नाहीय. रिमेक करायचा तर पुस्तकाशी इमान राखून, नाहीतर नको, असं ठरवलं. संवादसुद्धा पुस्तकातलेच घेतलेत. शेवट बघा.”

त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

मी ती वही मैत्रीच्या वेळी वाचली होती, सातव्या महिन्यात डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं तेव्हा. चंद्रा नावाची, गिरणीत सुताच्या कांड्या भरणारी बाई. घरी तान्हं मूल. टोपलीत चाळीस कांड्या झाल्याशिवाय सोडणार नाही म्हणून मुकादम तिला खात्यात कोंडतो, आणि सकाळपर्यंत ती मरते. मग ती परत येते. शेवटच्या प्रकरणात मुकादमाच्या गळ्याभोवती तिच्या सुताचा फास असतो. तो आवळणार इतक्यात भोंगा होतो. चंद्रा थबकते. हातातलं सूत खाली ठेवते. ‘पाळी सुटली,’ म्हणते आणि घरी निघून जाते, पाळण्याजवळ. मी पोटावर हात ठेवून रडले होते ते वाचून.

लॅपटॉपवर सगळं तसंच चाललं होतं. तीच चंद्रा, तीच टोपली, तोच फास. भोंगा झाला.

पण चंद्रानं वर पाहिलंसुद्धा नाही.

तिनं मुकादमाला रहाटासमोर बसवलं. तो थरथरत कांड्या भरू लागला, ती मोजू लागली. एकोणचाळीसपर्यंत मोजून त्याच्या मानेजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, “चाळिसावी कुठं गेली?”

पुन्हा एकपासून. पडदा काळा झाला तरी मोजणं ऐकू येत होतं.

मी हातातला कप खाली ठेवला. “हे पुस्तकात नाही,” मी म्हटलं.

“आहे, ताई. शब्दशः. त्यांच्या स्वतःच्या प्रतीत.”

वहीत हे नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि हे वाक्य साऱ्या सोलापुरात एकाच घरात बोललं जातं, हेही.

४

शिवलिंगप्पांचं वाचनालय अजून उघडं असतं. भाड्यानं पुस्तक न्यायला कुणी येत नाही, ते मात्र येऊन बसतात. ऐंशीच्या पुढचे असतील. कपाळावर भस्म, पांढरं धोतर.

“बा तंगी, ये बहिणी, बस. ईश्वरची सून ना तू? चांगला माणूस. लई गरीब स्वभावाचा.”

“‘भोंग्यानंतर’ तुम्ही लिहिलीत, आप्पा?”

“काजळनाथ म्हणजे मीच की! छापखाना माझा, नाव माझं.”

“मग शेवट कसा सुचला? भोंगा झाल्यावर चंद्रा काय करते तो?”

त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चाचपडलं. अंधारात माणूस बटण शोधतो तसं. “करते की… पुस्तकात आहे तेच करते,” ते म्हणाले. “रविवारी ये. सगळ्यांसमोर सांगतो.”

खाली पायरीवर सिदूकाका खळ लावत बसले होते. मी त्यांच्याशेजारी टेकले.

“सिदूकाका, वही तुम्ही नेलीत?”

“म्या?” त्यांनी खळीचे हात वर केले. “बाई, मला वाचाया येत न्हाय. पानांचे आकडे तेवढे कळत्यात. वही निऊन काय करू?”

“आप्पांची ती प्रत तुम्ही पाहिलीत?”

“व्हय की. दोन वर्सं झाली. त्यांच्याकडं एकबी शिल्लक न्हवती, सगळी रद्दीत गेलेली. कुणाच्या तरी घरनं मागून आणली. शेवटची सोळा पानं हातानं लिवल्याली.”

“हातानं?”

“आता भाड्याच्या पुस्तकाची शेवटची पानं कवा टिकत्यात का?” ते हसले. “वाचणारा फाडून न्ह्यायचा, दुसऱ्याला उलगडा हू नाही म्हणून. लई द्वाड लोकं! मग मालक चाळीतल्या बायकांकडनं दुसऱ्या प्रतीवरनं ती पानं उतरवून घ्यायचं आन् मी शिवायचो. असली ढिगानं पुस्तकं हुती. त्यामुळं मालकांला काय वाटलं न्हाय. त्यांनी पुस्तकं कदी वाचलीच न्हाईत, छपाईचं फॉर्मे मोजलं.”

“मग ती पानंही तुम्हीच शिवलीत?”

सिदूकाकांनी ब्रश खाली ठेवला. धंद्याची गोष्ट निघाल्यावर माणूस जसा गंभीर होतो तसे झाले.

“त्योच तर इचार करतोय दोन वर्सं. टाका माझा न्हवता. कुठल्याच बाइंडरचा न्हवता. त्यो गोधडीचा टाका हुता.”

५

घरी आले तेव्हा मैत्री त्या गोधडीवर मांडी घालून खेळत होती. आत्या भाकरी थापत होत्या.

मी गोधडी उचलली. कडेपासून आतपर्यंत टाक्यांच्या ओळीच ओळी, नांगरलेल्या शेतासारख्या. मधोमध मात्र, मामांच्या जुन्या धोतराचा एक चौकोन होता तिथं, एकही टाका आरपार गेला नव्हता. मी त्यावर तळहात दाबला.

कागद कुरकुरला.

“बघ, बोलते की नाही?” मैत्री म्हणाली.

मी तिला बाहेर खेळायला पाठवलं आणि चुलीपाशी बसले.

“आत्या, चाळिसावी कुठं गेली?”

त्यांचा हात परातीत थांबला. मग पुन्हा थापू लागल्या. “सिनेमात हाय व्हय?” त्यांनी विचारलं. “बोलली का ती आसंच? मानंपाशी वाकून?”

“तशीच बोलली.”

आत्या हसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

“शिवलिंगप्पा प्रत मागायला तुमच्याकडंच आले होते,” मी म्हणाले. “तुम्ही शेवटची छापील पानं काढून घेतलीत आणि आपली लिहून घातलीत.”

“चाळीतल्या बायका पानं उतरवून द्यायच्या, त्यात मीबी हुते. त्याला ठावं हाय. म्हणलं, मालक, शेवटची पानं फाटली हुती, छापल्यावरनं उतरवून ठेवलीत. त्यानं उलटूनबी बगितलं न्हाय. दारात उबा ऱ्हाऊन म्हनतो कसा, ‘ईश्वरची लई आठवण येती.’ तवाच वळखलं म्या, ह्यो काजळनाथ व्हायला निगालाय.”

“पण मग वही का लपवली? आज दाखवली असती तर मामांचं नाव लागलं असतं!”

“आन् त्यो काय म्हनला आसता?” आत्या माझ्याकडं वळल्या. हात पिठानं पांढरे. “म्हनला आसता, शेवट मीच मागनं बदलला. वही तर कुणीबी उतरवून काढंल. गपचूप पाटी बदलली आसती, आन् त्यो घरी जाऊन दूध-भाकरी खाऊन झोपला आसता. न्हाय. आदी त्यानं समद्यांम्होरं शपथ घ्यावी, का अक्षर न् अक्षर माजं हाय. मग परतायला वाट ऱ्हायची न्हाय. त्या मानसाला मी तीस वर्सं रस्त्यात हात जोडलेत, पोरी. ‘बरं हाय का मालक?’ दर बारीला हात जोडले आन् दर बारीला ह्ये दिसले मला, थेटरातनं उठून अंधारात चाललेले.”

तव्यावरची भाकरी करपली. दोघींपैकी कुणीच ती उलटली नाही.

“पण मामांचा शेवट, आत्या?” मी म्हणाले. “त्यांना तोच बघायचा होता ना पडद्यावर? चंद्रा घरी जाते तो?”

त्यांनी करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली.

“ह्ये लई मऊ हुते,” मग म्हणाल्या. “त्यांनी सोडून दिलं मुकादमाला. मी न्हाय सोडत.”

माझ्यासमोर वही होती, आणि रविवारला अजून दोन दिवस होते. रिक्षानं गेले असते तर वीस मिनिटांत धनाजीच्या हातात दिली असती. मी तसं केलं नाही. सुई घेतली आणि जिथं माझ्या बोटानं जरा उसवलं होतं, तिथं दोन टाके घातले.

६

रविवारी थेटर भरलं होतं. पूनमताई कुर्डुवाडीहून आल्या, रत्नदीपनं रजा टाकली. मैत्रीचा ताप गेला होता. तिला मागच्या पॅसेजमध्ये रत्नदीप कडेवर घेऊन उभा राहिला. आत्यांच्या काखेत गोधडीची वळकटी होती. दारावरचा माणूस म्हणाला, “आजी, एसी एवढा गार नाही हो.” “आमच्या अंगाला लागतो बाबा,” आत्या म्हणाल्या.

स्टेजवर शिवलिंगप्पा, गळ्यात हार. समोर टेबलावर लाल कापडात ती प्रत. धनाजीनं माइक दिला तेव्हा आत्या उभ्या राहिल्या.

“मालक, एक इचारू का?”

लोकांनी वळून पाहिलं. शिवलिंगप्पा प्रेमळ हसले. “इचार की, नागूबाई.”

“पुस्तक छापलं तवा जसं हुतं तसंच हाय न्हवं ह्ये? शेवटबी तुमीच लिवला? चाळिसावी कांडी?”

“अक्षर न् अक्षर,” त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. “अठ्ठ्याऐंशी साली, एका बैठकीत. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. बसवेश्वराची शपथ.”

टाळ्या पडल्या. आत्यांनी त्या पूर्ण संपू दिल्या.

“मग धनाजीसायेब,” त्या म्हणाल्या, “शेवटच्या सोळा पानांची शिवण उसवा. खालची कड आत दुमडल्याली हाय, तेवडी उलगडा.”

धनाजी घुटमळला. मग त्यानं खिशातल्या किल्लीनं टाका तोडला, पान सोडवलं, दुमड उघडली. माइक त्याच्या तोंडाशीच होता, म्हणून त्याचा श्वाससुद्धा सगळ्यांना ऐकू आला. त्यानं वाचलं:

“मंगळवार, १४ जून २०२२.”

डायरीचं पान होतं. चिंचोळीच्या कारखान्याची डायरी. रत्नदीपच्या तोंडून “अरेच्चा!” निघालं.

कुणीतरी मागून हसलं, मग सगळं थेटर हसलं. आत्यांनी गोधडीचा चौकोन दातानं उसवला आणि मामांची वही व छापील सोळा पानं टेबलावर ठेवली. शिवलिंगप्पा त्या पानांकडं बघत होते, पण त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, आणि चष्मा द्यायला कुणी पुढं झालं नाही. हार काढायला त्यांनी हात वर नेले. गाठ सुटेना. सिदूकाका पायऱ्या चढून गेले आणि त्यांनी ती सोडवली.

आत्या बसल्या नाहीत. शिवलिंगप्पांचं उतरलेलं तोंड शेवटपर्यंत बघत राहिल्या.

खेळ सुरू व्हायच्या आधी धनाजीनं माइकवरून मामांचं नाव घेतलं. पडद्यावरही लागेल, पुढच्या खेळापासून, तो म्हणाला. मग आमच्यापाशी येऊन हळूच म्हणाला, “मी ती छापलेली पानं वाचली, ताई. भोंगा होतो, आणि ती घरी जाते…” त्यानं पडद्याकडं पाहिलं. “आता बदलता येणार नाही. सिनेमा सगळ्या थेटरांत गेलाय. मूळ लेखक ईश्वर शिवशरण आणि शेवट मात्र…”

“आसू द्या,” आत्या म्हणाल्या. पण आवाज निराळाच होता.

म्हणजे पुन्हा तेच झालं होतं. मामांचं नाव आलं, आणि त्यांची चंद्रा घरी गेली नाही. जुन्या सिनेमात बाबानं जाळली, या सिनेमात आम्ही बसवून ठेवली.

रिक्षात आत्या उसवलेली गोधडी मांडीवर घेऊन बाहेर बघत होत्या. चौकोनाचा दोरा वाऱ्यानं हलत होता. मैत्री माझ्या कुशीत; शेवट यायच्या आधीच ती थेटरात झोपून गेली होती.

“आई, सिनेमात काय झालं शेवटी?”

“त्या बाईनं त्या वाईट माणसाला पकडलं. आणि त्याला मोजायला बसवलं.”

“किती वेळ?”

“कायमचं.”

“आणि ती पण तिथंच बसली?”

“हो.”

मैत्रीनं विचार केला. आत्यांची मान वळली नव्हती, पण दोऱ्याशी चाळा करणारी बोटं थांबली होती.

“मग आई,” मैत्री म्हणाली, “घरी तिचं बाळ होतं ना, त्याला कोण घेतं?”